न मेलेल्याचा उरूस

उरूस म्हणजे मुळात अरबी 'उर्स', लग्न. संत देह ठेवतो तेव्हा त्याचे ईश्वराशी मीलन होते, म्हणून पुण्यतिथीला हे नाव. कोकणातले बेने इस्रायली ज्यू मात्र शेवाट महिन्याच्या 15 तारखेला 'एलियाहू हनाबीचा उरूस' करत आले, आणि हा बायबलातला एलीया तर मेलेलाच नाही. अग्निरथ आला आणि तो सदेह वर गेला. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्या रथाच्या चाकोऱ्या आणि घोड्यांच्या टापा दाखवतात. कबर नाही, पुण्यतिथी नाही, तरी उरूस! शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या 'शनवार तेल्यां'नी हा शब्द शेजारच्या दर्ग्यावरून उचलला हे उघड आहे. माझे म्हणणे त्यापुढचे: शब्द एकटा आला नाही, सोबत ताटही आले.

ताट म्हणजे नवसाचा मलिदा. फारसी 'मालीदन' म्हणजे चोळणे, कुस्करणे. दर्ग्यावरचा मलिदा नावाला जागतो: गव्हाची रोटी तूप-गुळात कुस्करलेली. (पुढे मराठीत तो लाटणारे निघाले, त्यांचा इतिहास वेगळा.) बेने इस्रायलींच्या मलिद्यात मात्र भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, सुका मेवा आणि भोवती फळे. यात कुस्करायचे काय? नाव पदार्थावरून पडले असते तर 'गोड पोहे' पडले असते. हे लोक नावे कशी ठेवत ते पाहा: दारे लावून बसायचे तो योम किप्पूर 'दारफाळणीचा सण', बिरडे खायचे तो उपास 'बिरड्याचा रोजा'. डोळ्यांना दिसले ते नावात आले. मलिदा तेवढा या रीतीत बसत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. बायबलातल्या 'लेवीय' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तव्यावरच्या अन्नार्पणाचे तुकडे करून त्यावर तेल ओतायला सांगितले आहे. मलिदा हा त्याचाच अवशेष, असे मानणारे आहेत. पण ते वर्णन जुळते कशाशी? दर्ग्यावरच्या गव्हाच्या मलिद्याशी, पोह्यांशी नव्हे. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: 'रोजा'ही उसनाच शब्द, पण उपास तर जुनेच होते. मान्य, नुसत्या नावावरून विधी उसना ठरत नाही. म्हणून माझा भर नाव आणि पदार्थ यांच्या न जुळण्यावर आहे. घरचे जुने अर्पण असते तर त्याला परके आणि तेही चुकीचे नाव कशाला चिकटले असते? उलट नवसाची रीत नावासकट शेजारून आली आणि भाताच्या मुलखात रोटीच्या जागी पोहे बसले, तर सगळे नीट लागते. कुराणात एलीया 'इलियास' म्हणून आहेच, तेव्हा शेजाऱ्यांनाही हा संत परका नव्हता.

फळे आणि तारीख मात्र दर्ग्याची नव्हेत. शेवाटची 15 तारीख हे ज्यूंचे झाडांचे नववर्ष, फळे खायचा दिवस. हनुक्काचा सणही पूर्वी ठाऊक नसलेल्या या समाजाला हा दिवस अठराव्या शतकात कोचीनकडून आलेल्या शिक्षकांनी दिला असावा, असा माझा अंदाज, आणि तोवर मलिद्याचे ताट इथे मांडलेले होते. आज इस्रायलमध्ये लोद, अश्दोदला गेलेल्या घरांतही लग्न किंवा घरभरणीच्या आधी मलिदा होतो. गहू खाणाऱ्या त्या देशात पोहे शोधून आणावे लागतात.