सरीसृपांचे उड्डाण : एका प्रश्नाचा इतिहास

सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीपासून ६.६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीवर टेरोसॉर या नावाने ओळखले जाणारे सपक्ष सरीसृप नांदत होते. त्यांस पंख होते याविषयी आज वाद नाही. ते पंख हलवून स्वबळाने उडत, की केवळ पसरून वाऱ्यावर तरंगत, हा प्रश्न मात्र सुमारे दोनशे वर्षे चर्चिला गेला. या चर्चेचा इतिहास प्राणिशास्त्राप्रमाणेच भाषेच्या अभ्यासकासही उद्बोधक आहे. कारण पुराव्याच्या बरोबरीने शब्दांनी आणि उपमानांनीही तीत मोठा वाटा उचलला आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत पक्षी उडतो, पतंग उडतो, धूळ उडते आणि कारंजेही उडते. बळ कोणाचे, हे या क्रियापदावरून कळत नाही. पश्चिम घाटात आढळणाऱ्या ‘उडत्या सरड्या’स आपण उडता म्हणतो, वस्तुतः तो बरगड्यांच्या आधाराने ताणलेली त्वचा पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडाच्या खालच्या भागी उतरतो. त्याच्या ठिकाणी पंख मारण्याची यंत्रणाच नाही. दुसरा शब्द ‘सरीसृप’. त्याच्या मुळाशी सरपटणे आहे. युरोपीय भाषांतील समानार्थी शब्दही लॅटिनमधील सरपटणे या अर्थाच्या धातूपासूनच निघाला आहे. ‘उडणारा सरीसृप’ म्हणजे जणू वदतोव्याघात. ज्या वर्गाचे नावच भूमीशी जखडलेले, त्यातील प्राण्यास आकाश बहाल करताना विद्वानांचे मन कचरले असल्यास नवल नाही.

या प्राण्याचे पहिले वर्णन १७८४ मध्ये कोझिमो कोलिनी याने केले. तो मानहाइम येथील संग्रहाचा प्रमुख होता आणि एके काळी व्हॉल्तेअरचा चिटणीस होता. बव्हेरियातील चुनखडीत मिळालेला तो सांगाडा त्याला पक्ष्याचा वाटला नाही, वटवाघळाचाही वाटला नाही. तो एखादा अज्ञात सागरी प्राणी असावा, असे त्याने सुचविले. स्ट्रासबुर्गच्या झां हर्मान याने १८०० मध्ये क्युव्हिए यास पत्र लिहून, हाताच्या लांबलचक बोटावर त्वचेचा पंख ताणलेला असावा, अशी कल्पना मांडली. परंतु त्याच्या मते हा प्राणी सस्तन होता. क्युव्हिएने प्रारंभी केवळ प्रकाशित वर्णन व चित्र यांच्या आधारे १८०१ मध्ये तो उडणारा सरीसृप असल्याचे ओळखले आणि १८०९ मध्ये त्यास ‘पंख’ व ‘बोट’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून टेरोडॅक्टिल हे नाव दिले. तरीही १८१२ मध्ये झ्योमरिंग याने त्यास वटवाघळाच्या पंक्तीत बसविले, तर १८३० मध्ये वाग्लर याने त्याचे पंख म्हणजे पोहण्याची वल्ही होत, असे प्रतिपादिले. हाडे तीच होती. उपमान बदलले की निष्कर्ष बदलत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वादाचे केंद्र शरीराच्या उष्णतेकडे वळले. रिचर्ड ओवेन याच्या मते हे प्राणी अन्य सरीसृपांसारखे शीतरक्ताचे होते. हॅरी सीली याने त्यास विरोध केला. पोकळ हाडे आणि मेंदूचा आकार यांवरून त्याने त्यांस पक्ष्यांच्या निकटचे व उष्णरक्ताचे मानले. १९०१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हेच मत विस्ताराने आले आहे. या वादाचे महत्त्व उघड आहे. सतत पंख मारण्यास लागणारी ऊर्जा मंद चयापचयाच्या प्राण्यास पुरणे कठीण. म्हणून ‘सरीसृप’ या शब्दावर भर देणाऱ्यास ‘उड्डाण’ या शब्दाचा संकोच करावा लागे.

तरंगण्याच्या पक्षास मोठे बळ मिळाले ते अमेरिकेतील कॅन्सस प्रांतातील टेरॅनोडॉनमुळे. मार्श याने १८७६ मध्ये नाव दिलेल्या या दंतहीन प्राण्याच्या पंखांचा विस्तार सुमारे ७ मीटरपर्यंत भरतो. त्याच्या उड्डाणाच्या अभ्यासात भारताचाही थोडा संबंध येतो. आग्रा येथे शासकीय रसायन-परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅन्किन याने उत्तर भारतातील गिधाडे व घारी यांच्या घिरट्यांचे अनेक वर्षे निरीक्षण करून १९१३ मध्ये प्राण्यांच्या उड्डाणावर ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी वॉटसन या शरीररचनाशास्त्रज्ञासह त्याने टेरोडॅक्टिलांच्या उड्डाणाविषयी निबंध प्रसिद्ध केला. या सुमारापासून आकाशात निश्चल पंखांनी तरंगणाऱ्या प्राण्याचे चित्र दृढ होत गेले. १९७४ मध्ये ब्रॅमवेल व व्हिटफील्ड यांनी गणिताच्या साहाय्याने टेरॅनोडॉनचे वजन सुमारे १७ किलो ठरविले आणि तो अत्यंत कमी वेगाने तरंगणारा प्राणी होता, असा निर्वाळा दिला. कड्यावरून अंग झोकून दिल्याखेरीज ज्यास हवेत शिरता येत नाही, असा हा दुबळा प्राणी लोकप्रिय पुस्तकांतूनही स्थिर झाला.

या चित्रास निर्णायक धक्का केव्हिन पॅडियन यांनी १९८३ मध्ये दिला. त्यांनी प्रश्नाची मांडणीच बदलली. हा प्राणी कोणासारखा दिसतो, यापेक्षा त्याचे सांधे व स्नायूंची स्थाने कोणते कार्य करू शकतात, हे त्यांनी विचारले. दंडाच्या हाडावर स्नायू जोडण्यासाठी मोठा उंचवटा आहे. उरोस्थी रुंद व कणायुक्त आहे. खांद्याचे हाड तिच्याशी पक्के टेकविलेले आहे. केवळ तरंगणाऱ्या प्राण्यास एवढ्या सामग्रीचे प्रयोजन नाही. पंख म्हणजे नुसती सैल कातडी नव्हती, हेही त्सिटेल याने १८८२ मध्ये वर्णिलेल्या नमुन्यावरून ज्ञात होते; तीत बारीक तंतूंची सुबद्ध रचना दिसते. १९७१ मध्ये शारोव्ह याने कझाकस्तानातील एका जातीच्या अंगावरील केसांसारखे आवरण वर्णिले, तेव्हा सीलीच्या उष्णरक्ताच्या मतासही आधार मिळाला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उड्डाणाविषयी योग्य निष्कर्ष काढणाऱ्या पॅडियन यांनी पक्ष्याचे उपमान मात्र सोडले नाही. हे प्राणी पक्ष्यांप्रमाणे दोन पायांवर चालत, असे त्यांचे मत होते. पुढे फ्रान्समधील क्रेसाक येथील पाऊलखुणांनी ते चार पायांवर चालत असल्याचे दाखविले.

या पाऊलखुणांचे महत्त्व सर्वांत मोठ्या टेरोसॉरांच्या बाबतीत प्रत्ययास येते. १९७१ मध्ये डग्लस लॉसन या विद्यार्थ्यास टेक्सासमध्ये क्वेट्झलकोएट्लसचे अवशेष सापडले व १९७५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. पंखांचा विस्तार प्रथम १५ मीटरांहून अधिक धरला गेला होता. आज तो १० ते ११ मीटर मानतात. २०१० मध्ये हेंडरसन यांनी त्याचे वजन ५४४ किलो काढून तो उडूच शकत नसावा, असे म्हटले. त्याच वर्षी विटन व हबीब यांनी वजन २०० ते २५० किलो ठरवून याचा प्रतिवाद केला. आजच्या उडणाऱ्या पक्ष्यांतील सर्वांत जड पक्षी २० किलोंच्या आसपासच थांबतात, हा जुना आक्षेप त्यांनी असा दूर केला : पक्षी हवेत उठतो तो पायांच्या बळावर, आणि पंखांचे स्नायू त्या क्षणी स्वस्थ असतात. चतुष्पाद टेरोसॉर मात्र त्याच बलिष्ठ हातांनी जमिनीस रेटा देऊन उसळला असेल, जसे रक्तपिपासू वटवाघूळ आजही उसळते. पक्ष्याची मर्यादा त्यास लागू करण्याचे कारण उरत नाही.

टेरोसॉर स्वबळाने उडत, हा मुख्य प्रश्न आता निकालात निघाला आहे असे म्हणावयास हरकत नाही. पृष्ठवंशीयांत ही विद्या प्रथम त्यांनीच साध्य केली, पक्षी व वटवाघळे नंतरची. मोठ्या जाती हवेत गेल्यावर पुष्कळसे अंतर तरंगतच काटत असाव्यात, ही गोष्ट त्याच्या विरुद्ध जात नाही. गिधाडही तेच करते. वाद राहिला आहे तो महाकाय जातींच्या वजनाचा. मराठीत या विषयावर लिहिताना ‘तरंगणे’ आणि ‘स्वबळाने उडणे’ हे दोन अर्थ कटाक्षाने वेगळे ठेवावेत, ही या इतिहासातून निघणारी व्यावहारिक सूचना होय. एरवी आपले ‘उडणे’ हे क्रियापद सर्वस्वी निरुपयोगी नाही. त्यापासूनच ‘उडी’ निघाली, आणि उड्डाणाचा आरंभ उडीत असतो, हे प्राणिशास्त्राने या प्राण्यापुरते फार उशिरा ध्यानात घेतले.