आईचं घर, मुलांचे वाटे आणि म्हातारपणाचा खर्च : बक्षीसपत्र करण्याआधी काय तपासायचं?

पारशिवनीत किंवा तालुक्यातल्या कुठल्याही गावात असं घर सापडेल. वडील गेले. थोरला मुलगा नोकरीसाठी नागपुरात, मुलगी सावनेरला दिलेली, आणि धाकटा मुलगा-सून आईसोबत जुन्या घरात. आई सत्तरीच्या पुढची. एक दिवस ती धाकट्याला म्हणते, "घर तुह्याच नावानं करून टाकते, मले पाहशीन ना?" तो हो म्हणतो आणि मनापासून म्हणतो. पुढच्या आठवड्यात सगळे दुय्यम निबंधक कार्यालयात हजर.

घर त्या एका दिवसात दिलं जातं. सांभाळ मात्र पुढची दहा-पंधरा वर्षं करायचा असतो. त्याला किती पैसा लागेल हे कोणालाच माहीत नसतं आणि पुष्कळदा दस्तात त्याबद्दल एक ओळही नसते. पुढे भांडण झालं, तर सगळं त्या एका ओळीवर येऊन थांबतं.

घर नेमकं कोणाचं आहे?

आधी हेच बघा. वडील गेल्यावर "घर आता आईचं" असं आपण सहज म्हणतो. पण घर वडिलांनी स्वतःच्या कमाईचं बांधलेलं असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो (वडिलांची आई हयात असेल तर तिलाही). वरच्या कुटुंबात चार वारस आहेत, म्हणजे आईचा हिस्सा फक्त एक चतुर्थांश. ती तेवढाच हिस्सा देऊ शकते. तिनं तो धाकट्याला दिला तर त्याचा वाटा अर्धा होतो आणि थोरला व ताई यांचा पाव-पाव हिस्सा तसाच राहतो. पूर्ण घर धाकट्याला लिहून दिलं असेल, तरी बाकीच्यांच्या हिश्शापुरता तो दस्त टिकत नाही.

घर वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाचं असेल तर हिशेब बदलतो. पण तिथेही 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि तो जन्मापासून आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. लग्नात खर्च झाला म्हणून तो संपत नाही. पेंचच्या पट्ट्यातल्या गोंड आणि इतर आदिवासी कुटुंबांना मात्र 1956 चा हा कायदा थेट लागू नाही, तिथे रूढी बघतात. तरी मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झाली नसेल तर समानतेच्या तत्त्वावर तिलाही वाटा द्यायला हवा, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 17 जुलै 2025 ला छत्तीसगडमधल्या एका प्रकरणात दिला. मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

कागद कोणता बघायचा? गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 किंवा नगरपंचायतीची कराची पावती हा कराचा कागद आहे, मालकीचा नाही. आखीव पत्रिका असेल तर ती काढा. 2020 पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोननं मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत, तुमच्या गावची झाली का ते भूमी अभिलेख कार्यालयात विचारा. आणि फेरफारात नाव लागलं म्हणजे मालकी आली, असंही समजू नका.

सांभाळणाऱ्याला जास्त वाटा मिळतो का?

नाही, आपोआप मिळत नाही. पंधरा वर्षं आईचं औषधपाणी करणारा मुलगा आणि दिवाळीला येऊन जाणारा मुलगा, वाटणीत दोघे सारखे. धाकट्यानं स्वतःच्या पैशानं वर स्लॅब टाकला, तरी तेवढ्यानं जागा त्याची होत नाही.

सगळ्यात विचित्र जागा सुनेची आहे. अंघोळ घालणं, भरवणं, रात्री उठणं हे बहुतेक तीच करते. पण सासूच्या मिळकतीत तिचा वारसाहक्क नाही, आणि 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या 'अपत्य' या व्याख्येतही ती नाही. व्याख्येत आहेत मुलगा, मुलगी, नातू आणि नात. म्हणजे ज्या ताईला आपण सहज बाजूला ठेवतो, तिच्यावर कायद्यानं जबाबदारी आहे, आणि जी रोज करते तिचं नावच नाही. हे आईला बरोबर वाटत नसेल तर ती मृत्युपत्रात सुनेचं नाव घालू शकते. तसं क्वचित कोणाला सुचतं.

मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

मृत्युपत्रानं आईच्या हयातीत काहीच हातचं जात नाही. ते कितीदाही बदलता येतं, त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणीची सक्ती नाही (केलेली बरी). दोन साक्षीदार लागतात. ज्याला घर मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका, पुढे शंकेला जागा राहते.

बक्षीसपत्र उलट आहे. नोंदणी सक्तीची, आणि एकदा दिलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुला-मुलीला, नवरा-बायकोला, नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये ठेवलेलं आहे. नोंदणी फी आणि स्थानिक संस्थेचा अधिभार वेगळा. स्वस्त म्हणून लोक घाई करतात, आणि माझ्या मते घोळ तिथेच होतो.

मधला रस्ताही आहे. बक्षीसपत्रातच लिहायचं की आई हयात असेपर्यंत या घरात राहील आणि घराचा उपभोग तिचाच राहील. असं बक्षीसपत्र वैध ठरतं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये सांगितलं आहे.

भावंडांचं एकमत असेल तर आणखी एक सरळ उपाय आहे. सगळ्यांनी आधी आईच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायचं. मग घर पूर्ण तिचं, आणि पुढचं तिनं ठरवायचं.

ती एक ओळ

2007 च्या कायद्याचं कलम 23 सांगतं : ज्येष्ठ व्यक्तीनं आपल्या मूलभूत गरजा भागवण्याच्या आणि सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली असेल, आणि घेणाऱ्यानं ते केलं नाही, तर न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं. यातला महत्त्वाचा शब्द 'अटीवर'.

6 डिसेंबर 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल. मायेपोटी दिलेल्या प्रत्येक मिळकतीत ती गृहीत धरता येणार नाही. त्या प्रकरणात आईला दाद मिळाली नाही. पुढे 2 जानेवारी 2025 ला मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या एका आईचं बक्षीसपत्र न्यायालयानं रद्द केलं आणि घर तिला परत द्यायला सांगितलं. हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचावा, असंही नमूद केलं. फरक कुठे पडला? आईच्या म्हणण्यानुसार 2019 मध्ये बक्षीसपत्र झालं त्याच दिवशी मुलानं शेवटपर्यंत सांभाळ करीन असं लेखी वचनपत्र दिलं होतं, आणि दस्तातही सांभाळाचा उल्लेख होता.

तेव्हा "सांभाळीन" इतकंच लिहून थांबू नका. राहायची खोली कोणती, जेवणखाण, औषधं, दवाखाना, मदतनीस, आजारपणात कोण थांबणार आणि पैसे कोण देणार, हे दस्तातच येऊ द्या.

खर्च किती धरायचा?

70 वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारतमध्ये वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्ड काढून ठेवा. पण हे संरक्षण भरती झाल्यावरच्या उपचारांचं आहे. म्हातारपणाचा खरा खर्च घरात होतो : मदतीला येणारी बाई, डायपर, फिजिओथेरपी, रोजच्या गोळ्या, नागपूरला मेडिकल किंवा मेयोत तपासणीला जायचं गाडीभाडं. समजा हे सगळं मिळून महिन्याला 12 हजार झालं. चार वर्षांचे 5 लाख 76 हजार होतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे 1500 रुपये त्यात फार पुरत नाहीत, आणि तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तरच.

म्हणून एक वही ठेवा. कोणी किती दिले ते तारखेनिशी लिहा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर भावंडांच्या ग्रुपमध्ये टाकत जा. सुरुवातीला अवघडल्यासारखं होतं. पण वाटणीच्या दिवशी "मी एवढा खर्च केला" या नुसत्या बोलण्यापेक्षा ती वही कामी येते. वाटणीपत्रात तो खर्च वळता करायचा का, हे सगळ्यांनी मिळून ठरवता येतं. आईच्या नावची ठेव असेल तर ती तिच्याच नावावर राहू द्या.

बिनसलंच तर

पारशिवनीतल्या ज्येष्ठांनी रामटेकला उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जायचं, या कायद्याचं न्यायाधिकरण तेच चालवतात. अर्ज साधा असतो, वकिलाची गरज नाही, आई स्वतः जाऊ शकत नसेल तर तिनं नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज देऊ शकते. निर्वाहभत्त्याचा अर्ज नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाली काढायचा असतो, फार तर 30 दिवस वाढवून मिळतात. भत्ता मात्र महिन्याला जास्तीत जास्त 10 हजार. गरज त्याहून मोठी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली न्यायालयात जाता येतं, तिथे ही मर्यादा नाही. पण दोन्हीपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध आई-वडिलांना 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. अर्जासोबत वयाचा पुरावा, दस्ताची प्रत, आखीव पत्रिका किंवा नमुना 8 आणि औषधांची बिलं जोडा.