दुष्काळाचे ठसे आणि आमच्या भिंती

एकोणिसाव्या शतकांत गरिबीचें चित्र घरोघर पोहोंचलें तें ठशांच्या कलेमुळें. तैलचित्र एका श्रीमंताच्या दिवाणखान्यांत राहतें. ठशाच्या हजारों प्रती निघतात व त्या अल्प मोलांत मिळतात. लंडन येथें १८४२ सालीं ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ आणि १८६९ सालीं ‘ग्राफिक’ हीं सचित्र साप्ताहिकें निघालीं. कठीण लाकडाच्या ठोकळ्यांवर चित्र कोरावयाचें, चित्र मोठें असल्यास ठोकळे सुटे करून अनेक कारागिरांत वांटावयाचे व पुन्हां जोडून छापावयाचे, अशी त्यांची रीत होती. ‘ग्राफिक’च्या पहिल्याच अंकांत ल्यूक फिल्ड्स यानें रात्रीच्या आसऱ्यासाठीं थंडींत रांग लावून उभ्या असलेल्या निराश्रितांचें चित्र दिलें. असे ठसे पुढें व्हॅन गॉग या चित्रकारानें मोठ्या आस्थेनें जमविले.

याच साप्ताहिकांत आपल्याकडील दारिद्र्यही उमटलें. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानें पुणें, अहमदनगर, सातारा, सोलापूर हे जिल्हे होरपळले. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामांवरील पुरुषास दिवसाला एक पौंड धान्य व वर एक आणा असा दर घालून दिला. एवढ्यावर खडी फोडणें अशक्य, म्हणून मुंबई इलाख्यांत हजारों मजुरांनीं कामें सोडलीं व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षीं आक्टोबरांत बंगळूर येथें मदतीची वाट पाहणारा समुदाय लंडनच्या वाचकांनीं ठशांत पाहिला. त्यांना उपाशी माणसें दिसलीं, तो दर दिसला नाहीं. दया उपजली, कारण मात्र चौकटीबाहेर राहिलें.

आमच्याकडे नेमकें उलट घडलें. कारण ठाऊक होतें, चित्र नव्हतें. दुष्काळ ओसरत असतां १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकारानें पुण्यांत चित्रशाळा निघाली. तिच्या शिळाछापांतून रामपंचायतन आलें, नाना फडणवीस आले. दुष्काळी कामावरचा कुणबी आला नाहीं. १८९४ सालीं मुंबईंत सुरू झालेला रविवर्म्याचा छापखाना पुढें आमच्या चिंचवडवरून जाणाऱ्या लोहमार्गावर मळवलीस आला. तेथूनही लक्ष्मी आणि सरस्वतीच घरोघर गेल्या. यांत छापखान्यांस दोष देणें अन्याय होईल. गिऱ्हाईक जें रोज सकाळीं पाहूं इच्छितें, तेंच विकलें जातें. कुणब्याचें चित्र शब्दांनीं काढलें तें जोतीराव फुले यांनीं, १८८३ सालीं पुऱ्या केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत. आणि त्यांत कुणब्याच्या घराबरोबर त्याच्या दारिद्र्याचीं कारणेंही आलीं.

आज ठशाचें काम छायाचित्रानें घेतलें आहे. भोसरी, चाकण येथील कारखान्यांत दुष्काळी मुलखांतून आलेले मजूर राबतात. २०२० सालच्या टाळेबंदींत पायीं गांवीं निघालेल्या मजुरांचीं छायाचित्रें आपण सर्वांनीं पाहिलीं. पाहून हळहळणें सोपें आहे. परंतु अशा प्रत्येक चित्राखालीं एक ओळ आपण मनांतल्या मनांत लिहावी : याची मजुरी किती होती, आणि ती कोणीं ठरविली? ती ओळ लिहिली म्हणजेच चित्र पुरें होतें.