कोयता, मुकादम आणि आमची कन्सल्टन्सी

गेल्या आठवड्यात बॉसने एक काम माझ्या गळ्यात मारलं. टीममध्ये सहा जण घ्यायचेत, तर रिक्रूटमेंट कन्सल्टन्सीशी करार कसा करायचा ते तू ठरव म्हणे. पर्याय तीन. एकाच कन्सल्टन्सीला थोडी आगाऊ रक्कम देऊन सगळं काम सोपवायचं. किंवा चार-पाच जणांना रिक्वायरमेंट पाठवायची आणि ज्याचा उमेदवार रुजू होईल त्याला वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार द्यायचा. किंवा माणसं कन्सल्टन्सीच्याच पगारावर ठेवायची आणि आपण फक्त बिल भरायचं.

एक्सेल शीट उघडली आणि एकदम गाव आठवलं. मी मूळचा गंगाखेड तालुक्यातला. आमच्याकडे हा धंदा एमबीए न केलेली माणसं कित्येक वर्षं करतायत. त्यांना मुकादम म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दसरा-दिवाळीच्या सुमारास परभणी आणि बीडकडच्या गावांतून, तांड्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघतात आणि साधारण मार्च-एप्रिलात परततात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. (हो, मोजायचं युनिट हत्यार आहे. आम्ही 'रिसोर्स' म्हणतो, तेव्हा हसू नका.) हंगामाआधी मुकादम त्यांना 'उचल' देतो, ती तोडणीच्या मजुरीतून फिटते. नाही फिटली तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे.

ही पद्धत आली कशी? १९५०-५१ च्या हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढे कारखाने वाढत गेले. ऊस तोडला की लवकर गाळावा लागतो, नाहीतर उतारा घटतो. म्हणजे हजारो माणसं पाहिजेत, पण पाच-सहा महिनेच, आणि ठरल्या दिवशी हजर. इकडे मराठवाड्यात कोरडवाहू जमीन, त्यात १९७२ चा दुष्काळ. या दोन टोकांना जोडणारा माणूस लागणारच होता. कारखाना बहुतेक वेळा वाहतूक ठेकेदाराशी करार करतो, ठेकेदार मुकादमाशी, आणि मुकादम कोयत्यांशी. टोळी पळाली तर मुकादम बुडतो, म्हणून तो मजुराला धरून ठेवतो. बिचारा तोही मधेच अडकलेला. पण सगळ्यात खाली असलेल्याला कारखाना म्हणतो, "आमचा करार तुझ्याशी नाही."

मुकादमाचा एक मोठा भाऊ मुंबईत होऊन गेला, गिरण्यांमधला जॉबर. १८५६ साली मुंबईत पहिली कापड गिरणी सुरू झाली. मालकांना माणसं माहीत नव्हती. मग भरती, देखरेख, कामावरून काढणं, सगळं जॉबरच्या हातात. नोकरी लावायची दस्तुरी तो कामगाराकडून घ्यायचा, आणि नोकरी टिकवायचीसुद्धा. मालकाला ही भरती फुकट वाटायची, कारण बिल दुसराच भरत होता!

१९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांसाठी रॉयल कमिशन नेमलं गेलं. १९३१ च्या अहवालात त्यांनी सांगितलं की जॉबरकडून नेमण्या-काढण्याचे अधिकार काढा आणि त्यासाठी लेबर ऑफिसर ठेवा. मुंबईत १९३५ पासून बदली कामगारांना कार्डं मिळू लागली, १९५० मध्ये भरती नोंदणीतून करायची योजना आली. जॉबर एका दिवसात गेला नाही, पण कामगाराचं नाव गिरणीच्या कागदावर आलं.

ऊसतोडीत हे फार उशिरा सुरू झालं. ग्रामसेवकांकडून नोंदणी आणि ओळखपत्रं द्यायचं ठरलं ते २०२१ साली. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, आणि मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं.

आता हे सगळं का सांगतोय? दोन वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये जिंतूरकडचा एक मुलगा आला होता. कन्सल्टन्सीमार्फत. आम्ही फी भरली होती. तो नोकरी सोडून गेला त्या दिवशी चहा पिताना बोलता बोलता म्हणाला, की त्याच कन्सल्टन्सीने त्याच्याकडूनही दोन पगार घेतले होते, हप्त्यांनी. मी म्हटलं, "अरे, आधी का नाही बोललास?" तर म्हणाला, "सर, मला वाटलं तुम्हाला माहितीच असेल."

काय बोलणार? मी उचलीच्या गावातला माणूस, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं. आमचा करार त्याच्याशी नव्हता ना!

तर माझं उत्तर ठरलंय. तिसरा पर्याय बाद, निदान कायमच्या कामासाठी तरी. दुसरा स्वस्त दिसतो, पण पाच जण धावणार फक्त डोकी भरायला, आणि ९० दिवसांची रिप्लेसमेंटची मुदत संपली की कुणाचंच काही अडत नाही. म्हणून पहिला, पण तीन अटींवर. उमेदवाराकडून एक रुपयाही घेतला तर करार रद्द. अर्धी फी माणूस सहा महिने टिकल्यावर. आणि प्रत्येक उमेदवाराला रुजू होण्याआधी आमच्यापैकी कुणीतरी स्वतः फोन करून विचारायचं, "कुणाला पैसे दिलेत का?"

बॉस म्हणणार, महाग पडतंय. पडेल. मधल्या माणसाचे पैसे कुणीतरी भरतोच. आपण नाही भरले तर जिंतूरचा मुलगा भरतो, एवढंच.

असो. सोमवारी मेल टाकायचाय. तुमच्याकडे काय पद्धत आहे, कळवा.