जर्मनीला जाताना आरोग्यविमा : सार्वजनिक की खासगी?

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयी करार केला. तेव्हापासून गोंदिया जिल्ह्यातील आपल्या धर्मग्रामांतही जर्मनीविषयी विचारणा वाढली आहे. परिचारिका, तंत्रशिक्षण घेतलेले तरुण आणि उच्च शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी या सर्वांपुढे तेथे पोहोचताच एक प्रश्न उभा राहतो : आरोग्यविमा सार्वजनिक घ्यावा की खासगी? २००९ पासून तेथील प्रत्येक रहिवाशास आरोग्यविमा बंधनकारक असल्याने हा प्रश्न पुढे ढकलता येत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘सरकारी’ म्हटले की दवाखान्याची रांग डोळ्यांपुढे येते. म्हणून पालक मुलांना आग्रहाने सांगतात, ‘चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण खासगीच घे.’ जर्मनीत हा ठोकताळा लागू पडत नाही. बिस्मार्क यांच्या कारकिर्दीत १८८३ साली कायद्याने सुरू झालेली तेथील सार्वजनिक व्यवस्था ‘क्रांकेनकासे’ नावाचे विमानिधी चालवितात. हे निधी सरकारी खाते नव्हेत. कायद्याच्या चौकटीत स्वतःचा कारभार पाहणाऱ्या त्या संस्था आहेत. देशातील सुमारे ९० टक्के लोक त्यांच्याच आश्रयाला आहेत. रुग्णालये बहुतांशी दोघांनाही तीच, कॅथलिक रुग्णालये धरून. खासगी विमाधारकास तज्ज्ञ डॉक्टरांची वेळ पुष्कळदा लवकर मिळते, हे मात्र मान्य केले पाहिजे.

नोकरीवर जाणाऱ्या परिचारिकेला किंवा वेतन घेत प्रशिक्षण घेणाऱ्या उमेदवाराला मुळात निवड नसतेच. २०२५ साली वार्षिक ७३,८०० युरोपेक्षा कमी वेतन असलेल्या नोकरदारास सार्वजनिक विमाच घ्यावा लागत असे. ही मर्यादा दरवर्षी जानेवारीत बदलते. कोणता विमानिधी, एवढेच त्याने ठरवायचे. त्या वर्षी मूळ दर वेतनाच्या १४.६ टक्के आणि अतिरिक्त दर सरासरी २.५ टक्के होता व त्यातील निम्मा भार मालक उचलत असे. म्हणजे ३,००० युरो वेतनावर कर्मचाऱ्याचा वाटा सुमारे २५६ युरो. शुश्रूषा विम्याची कपात याहून वेगळी असते. (वेतनपत्रकावर ‘कॅथलिक’ अशी नोंद असल्यास चर्चकरही कापला जातो. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये तो आयकराच्या ८ टक्के आहे. त्याचा विम्याशी काही संबंध नाही. पण पहिले वेतनपत्रक हाती आले की दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो.)

खरी निवड उच्च वेतन घेणारे अभियंते, स्वतंत्र व्यावसायिक आणि विद्यार्थी यांना असते. येथेच सावध राहिले पाहिजे.

सार्वजनिक विम्याचा हप्ता उत्पन्नावर ठरतो, आजारावर नव्हे. कमाई नसलेली पत्नी वा पती आणि मुले त्याच हप्त्यात सामावतात. खासगी विम्यात प्रत्येकाचा करार स्वतंत्र असतो आणि हप्ता प्रवेशाच्या वेळचे वय व प्रकृती पाहून ठरतो. पंचविशीतल्या अविवाहित तरुणाला तो स्वस्त वाटतो. विवाह व दोन मुले झाल्यावर चित्र पालटते. शिवाय खासगी कंपनी प्रकृतीविषयी प्रश्न विचारते. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार अनेक घरांत आहे. असा आजार असल्यास कंपनी जादा हप्ता लावू शकते वा अर्ज नाकारू शकते, आणि तो लपविल्यास पुढे करारच रद्द होण्याची भीती असते. ज्याला कायद्याने सार्वजनिक विम्यात प्रवेशाचा हक्क आहे, त्याला आजाराच्या कारणावरून कोणताही विमानिधी नाकारू शकत नाही. ज्या घरात असा आजार आहे, त्या घरातील मुलांसाठी हा एकच मुद्दा निर्णायक ठरावा, असे आमचे मत आहे.

तीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो. त्यातून सूट मागायची असल्यास पहिल्या तीन महिन्यांत अर्ज करावा लागतो, आणि ती सूट त्या शिक्षणक्रमापुरती मागे घेता येत नाही. एजंट स्वस्त खासगी पॉलिसी पुढे करतात तेव्हा हे क्वचितच सांगतात. शिक्षण संपल्यावर लगेच नोकरी मिळाली तर बहुधा सार्वजनिक विम्यात परतता येते. न मिळाल्यास, पूर्वीचे सभासदत्व नसल्यामुळे, ते दार सहसा बंद राहते. वयाच्या पंचावन्न वर्षांनंतर तर परतणे जवळजवळ अशक्यच असते. केवळ भाषावर्गासाठी जाणाऱ्यांना विद्यार्थी सवलत लागू नाही. त्यांना त्या काळापुरता खासगी विमाच घ्यावा लागतो.

तेथे सेवेसाठी जाणारे धर्मगुरू व धर्मभगिनी यांच्याकरिता कायद्यात स्वतंत्र तरतुदी आहेत. विम्याची जबाबदारी तेथील धर्मप्रांत घेणार की आपला संघ, हे निघण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे.

राहिले घरी मागे उरणारे आईवडील. मुलगी जर्मनीत कितीही हप्ता भरीत असली, तरी तेथील कौटुंबिक विम्यात आईवडील येत नाहीत. ते भेटीस गेले, तर शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा वेगळा काढावा लागतो. गोंदियात असताना त्यांचा आधार म्हणजे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतअंतर्गत वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू झाले. त्यासाठी आधार कार्डावर नोंदणी करून वेगळे कार्ड काढावे लागते. मुलांचे पारपत्र तयार होत असतानाच आजी-आजोबांचे हे कार्डही काढून ठेवावे.