कोकणातील मासेमारीचे चढउतार व समुद्रस्थिती : एका वादाचा इतिहास

ज्या वर्षी कोकणच्या किनाऱ्यावर मासळी लागत नाही, त्या वर्षी दोष कोणाचा हा प्रश्न निघतोच. कोणी जाळ्यांना बोल लावतो, कोणी पावसाला, कोणी दैवाला. हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. दोष जाळ्यांचा ठरला तर निर्बंध मच्छीमारांवर येतात. समुद्राचा ठरला तर तेच निर्बंध निष्फळ होतात. म्हणून या प्रश्नाला वेळोवेळी मिळालेली उत्तरे क्रमाने पाहणे उद्बोधक ठरेल.

सर्वांत जुने उत्तर परंपरेचे होय. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटावयाच्या, हा रिवाज सर्व किनाऱ्यावर सारखाच. परंतु पुढील व्यवसाय मात्र एकसारखा नव्हता. दक्षिणेस मालवण-वेंगुर्ल्याचे गाबीत बांगड्याचे थवे किनाऱ्याजवळ येताच रापण ओढीत. उत्तरेस मुंबई-वसईचे कोळी भरती-ओहोटीच्या ओढीत डोल लावून बोंबील धरीत. उत्तरेस किनाऱ्यालगतचा उथळ तळ रुंद, भरती मोठी व पाणी गढूळ आहे. दक्षिणेस हा तळ अरुंद व भरती बेताची आहे. साधनांची ही विभागणी मुख्यतः समुद्राच्या स्वरूपानेच घडविली होती. तथापि तीच रापण एका वर्षी भरून का येते व दुसऱ्या वर्षी रिती का, याचा उलगडा या व्यवहारज्ञानात नव्हता.

दुसरे उत्तर शासनाचे. १९२१-२२ साली मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ या वाफेच्या ट्रॉलरने मुंबईनजीकच्या समुद्राची पाहणी करविली. तिचा हेतू मासळीची क्षेत्रे शोधण्याचा होता. त्या क्षेत्रांतील पाणी ऋतुमानाप्रमाणे कसे पालटते हा प्रश्न अद्याप पुढे आलेला नव्हता. पुढे मलबारच्या किनाऱ्यावर तारली दिसेनाशी झाली, तेव्हा १९४३ साली मद्रास सरकारने तिच्या मासेमारीवर निर्बंध घातले. अतिरिक्त मासेमारीमुळेच मासळी घटली, हे त्यामागील गृहीत होते.

या गृहीताची खरी कसोटी मोजदाद सुरू झाल्यावर लागली. १९४७ साली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली व देशाच्या किनाऱ्यावरील मासळीची पद्धतशीर नोंद होऊ लागली. तीत १९५६ साली देशातील तारलीची आवक अवघी सात हजार टनांच्या आसपास भरली आणि लगेच पुढील वर्षी ती सुमारे १ लाख ९० हजार टनांवर गेली. एका वर्षात होड्या व जाळी पंचवीसपट वाढणे शक्य नव्हते. तितकी कमी होऊन पुन्हा वाढणे तर त्याहूनही अशक्य. तेव्हा एवढ्या मोठ्या चढउताराचे मूळ जाळ्याबाहेर शोधणे प्राप्त झाले.

तिसरे उत्तर याच सुमारास मुंबईच्या समुद्रातून मिळाले. १९५९ साली कॅरदर्स, गोगटे, नायडू व लेव्हास्तु यांचा निबंध ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खोल समुद्रातील अत्यल्प प्राणवायूचा थर तळाच्या उतारावरून किनाऱ्याकडे वर सरकतो व त्याचा परिणाम मासेमारीवर होतो, असे त्यांनी दाखविले. त्याच वर्षी कार्ल बान्से यांनी कोचीनजवळील निरीक्षणांवरून असाच कार्यकारणभाव मांडला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात पश्चिम किनाऱ्यालगत खालचे थंड पाणी वर चढते. त्यातील पोषक क्षारांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात व तारली-बांगड्यांना अन्न मिळते. परंतु त्याच पाण्यात प्राणवायू तुटपुंजा असल्याने तळाची मासळी ते क्षेत्र सोडून जाते. एकच घटना एका मच्छीमाराला लाभदायक व दुसऱ्याला घातक ठरते. १९६६ साली स्थापन झालेल्या, गोव्यातील दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पुढे या प्राणवायुहीनतेचा सविस्तर अभ्यास केला.

तथापि या शोधावरून सर्व भार समुद्रावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. १९५६ च्या होड्या वल्ही-शिडांच्या होत्या. यांत्रिक नौका, ट्रॉलर व पर्ससीन जाळी आल्यानंतर उपशाचे प्रमाणच पालटले आणि किनाऱ्यावर थव्याची वाट पाहणारी रापण मागे पडली. त्या युक्तिवादाचा आधार आजच्या ताफ्याला घेता येत नाही. उलटपक्षी २०१९ साली महाराष्ट्राची सागरी मासळी २ लाख १ हजार टनांवर, म्हणजे ४५ वर्षांतील नीचांकावर आली, तेव्हा ‘क्यार’ व ‘महा’ या चक्रीवादळांनी ऐन हंगामात नौका बंदरात अडकवून ठेवल्या होत्या, हेही विसरून चालणार नाही.

सारांश, मासळीच्या आवकेचा एकटा आकडा कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही. त्या वर्षी किती नौका किती दिवस समुद्रात होत्या, आणि त्या दिवसांत पाण्याचे तापमान व प्राणवायू काय होता, या दोन नोंदी त्याच्याशेजारी ठेवल्यासच तो बोलू लागतो. १९४३ चे निर्बंध घालणाऱ्यांजवळ यांपैकी दुसरी नोंद पुरेशी नव्हती. आज ती मिळू शकते; म्हणून तिच्यावाचून मच्छीमारांना दोषी ठरविणे, किंवा तिच्या आडोशाने अतिरिक्त उपशाकडे डोळेझाक करणे, या दोन्ही गोष्टी आता सारख्याच असमर्थनीय होत.