रिकामी अंबारी

२००० साली आलेल्या ‘कॉम्बॅट मिशन’ या संगणकीय युद्धखेळात दोन्ही पक्ष आधी हुकूम देतात. मग एका मिनिटाची लढाई डोळ्यांसमोर उलगडते. तेच मिनिट कितीही वेळा, कधी आकाशातून, कधी शिपायाच्या पाठीमागून पाहता येते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही रीत परकी वाटू नये.

१४ जानेवारी १७६१चे पानिपत घ्या. काशिराज पंडित ते शुजाउद्दौल्याच्या गोटातून पाहत होता. नाना फडणीस मराठी फौजेत होते. विश्वासराव गोळी लागून पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. उंचावरून पाहणाऱ्यास सेनापती रणातच दिसतो. दूरच्या स्वारांना मात्र दिसली ती रिकामी अंबारी, आणि फौजेचा धीर सुटला, असा वृत्तान्त आहे.

केवळ वरून पाहिले तर ही पळापळ भ्याडपणा ठरते. केवळ खालून पाहिले तर डाव्या बगलेवर इब्राहिमखानाच्या गारद्यांनी दिलेली झुंज नजरेआड राहते. म्हणून आधी उंचावरून व्यूह ध्यानी घ्यावा. मग तोच क्षण मोडत्या फळीत उभे राहून पुन्हा पाहावा. निवाडा त्यानंतर.